रॉकमध्ये भरलेलं रुखवत

माझी सासू बानाबाई तोंडाची फाटकी. करमाडच्या शिवारात मेंढरं राखायची, तेव्हा लोक तिच्या कुत्र्यांना कमी आणि शिव्यांना जास्त भ्यायचे. भाजी अळणी झाली तरी ती माझ्या माहेरापर्यंत जाते. मला ती आवडत नाही, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

लग्नात रुखवत मांडलं की आमच्याकडे मुलीकडच्या बायका नवरदेवाच्या आईला गाण्यातून शिव्या घालतात. नाव घेऊन, लाज सोडून. मग ती विहीणही तसंच उलट गाते, सगळ्या हसतात आणि फिटंफाट होते. यात बानाबाईचा हात धरणारी कुणी नाही. तिला आवतण देऊन नेतात.

माझा नवरा हनुमान शेंद्र्याला कंपनीत आहे. सुट्टीला संभाजीनगरात दोस्तांबरोबर गिटार बडवतो. ते ज्याला स्लीझ रॉक म्हणतात, ते म्हणजे चावट बोल आणि कानठळ्या. यंदा त्यांनी अख्खा अल्बम काढला आणि तो उभा केला आईच्या रुखवताच्या गाण्यांवर. माझी नणंद ज्ञानेश्वरी, तिच्या लग्नात मोबाइलवर भरून घेतलेला आईचा आवाज या शहाण्यानं तसाच घातला. विहिणीचं नावसुद्धा गाळलं नाही! गाणं गाजलं. पिशोरच्या बाजारात पोरं नणंदेच्या सासूला बघून 'लक्ष्मीबाई, लुगडं सावर' ओरडायला लागली. मांडवातल्या शिवीला उत्तर देता येतं, मोबाइलमधल्या शिवीला कसं देणार? लक्ष्मीबाईनं सुनेची बॅग भरून दारात ठेवली आणि निरोप धाडला, "माझं उत्तर ऐकून जा, नायतर पोरगी घेऊन जा."

आम्ही पिशोरला गेलो. हनुमाननं तिचे पाय धरले. "मावशी, गाणं काढून टाकतो."

"गावाच्या कानातून काढतो का?" लक्ष्मीबाई म्हणाली.

तिनं भावकीतल्या बायका जमवल्या होत्या. माझी सासू समोर बसली. "म्हण. ऐकायलाच आले."

लक्ष्मीबाईनं तिला धुऊन काढलं. तिचं रूप, तिची चाल. मेलेला नवराही सोडला नाही. सासू मान खाली घालून ऐकत राहिली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मनात म्हटलं, घे आता.

मग लक्ष्मीबाईनं सूर चढवला. बानाबाईनं सून आणली, वांझ गाय आणली; चारा खाती, दावं तोडती, गोठा रिकामा हाय.

बायका हसल्या. मला मूल नाही.

"थांब," बानाबाई म्हणाली. "मला कायबी म्हण. तिला नाय."

"उत्तर मधी तोडलं तर तुझी पोरगी इथं नांदणार नाय."

सासूनं ज्ञानेश्वरीकडे पाहिलं. ती रडत मान हलवत होती, उत्तर तोडू नको म्हणत होती. सासू उठली आणि दारातली बॅग उचलली. "चल गं."

जीप कन्नडच्या पुढं आल्यावर ज्ञानेश्वरी म्हणाली, "हिच्या मानापायी मला घरी बसवलंस."

"तोंड मीट," बानाबाई म्हणाली.

मला हुंदका आवरेना. तशी ती माझ्यावर खेकसली, "तू काय रडती? लेकीचा संसार मोडून आले तुझ्यापायी. गप बस."