वेळ जायला काहीतरी हवं

घरात बसून वेळ कसा घालवावा, या विषयावर मला कोणी काही शिकवू नये. या विषयाचं मी पूर्ण एक वर्षाचं शिक्षण घेतलेलं आहे, आणि शिकवायला माहेरचं सगळं गणगोत होतं. आजकाल सुना-नाती मला सांगतात, ही मालिका बघा, ते शब्दकोडं सोडवा, वेळ छान जातो. मी मान डोलावते. वेळ छान जातो म्हणजे काय होतं, ते त्यांना अजून माहीत नाही.

सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. आम्ही शेलारला राहायचो, भिवंडीच्या अगदी कुशीत. मी मॅट्रिक झाले होते, चांगल्या मार्कांनी. ठाण्याला मुलींसाठी मास्तरणीचा दोन वर्षांचा कोर्स होता, तिथंच राहायची सोय होती. मला तो करायचा होता. दुसरं काही मला कधी करावंसं वाटलंच नाही. माझी एक मैत्रीण होती, आमच्याच आळीतली. पाचवीपासून आम्ही दोघी बरोबर चालत भिवंडीच्या शाळेत जायचो आणि कोर्सही दोघींनी मिळून करायचं ठरवलं होतं. ती गणितात आपटली आणि सगळं अडलं.

"एकली पोर ठान्याला न्हाय पाठवनार," बाबा म्हणाले. "ती पास हऊ दे, मंग दोगी जा. एक वरीस घरान बस. वरीस काय, असं निंगून जाईल."

बाबांनी शब्द दिला होता, त्यामुळे मी फारशी रडले नाही. वर्षभर काय करायचं एवढाच प्रश्न होता, आणि त्याची उत्तरं दुसऱ्या दिवसापासून घरी यायला लागली.

पहिली आली आत्या. तिनं क्रोशाची सुई आणि दोऱ्याचा गुंडा आणला. कपाटावर झाकण, टेबलावर झाकण, पाण्याच्या माठावर झाकण. ज्यात त्यात भोकं असलेलं झाकण घातलं की बाईच्या जातीचा वेळ जातो, असं तिचं ठाम मत. माझी पाच झाकणं झाल्यावर घरात झाकायला काही उरलं नाही. मग वहिनीनं स्वेटर सुचवला. भिवंडीत! जिथं डिसेंबरात लोक अंगणात उघडे झोपतात, तिथं मी पिवळ्या लोकरीचा स्वेटर विणला. तो कोणी घातला नाही, पण सगळ्यांनी कौतुक केलं. काकांनी पोथी वाचायला सांगितली. मावशी म्हणाली सागरगोटे खेळ, आणि स्वतःच खेळत बसली, उठायचं नाव घेईना. एकाही माणसाला असं वाटलं नाही की या पोरीला वेळ घालवायचा नाहीये, तिला ठाण्याला जायचंय.

बाबांनी त्यातल्या त्यात खरी खटपट केली. भिवंडीच्या वाचनालयातून ते माझ्यासाठी पुस्तकं आणायचे. त्यांना जेमतेम सही यायची, तेव्हा पुस्तक निवडायची त्यांची रीत वेगळी होती. आमचे पॉवरलूमचे माग होते. कापड हातात आलं की बाबा ते उजेडासमोर धरायचे, वीण दाट आहे की विरळ ते बघायचे आणि तळहातावर वजन करायचे. पुस्तकाचंही ते तसंच करायचे. पान उजेडासमोर धरायचं, अक्षर बारीक नि दाट दिसलं की माल चांगला. असं एकदा त्यांनी मला गुरांच्या रोगांवरचं भलंमोठं पुस्तक आणून दिलं. "दोन म्हैने हालनार न्हाय," म्हणाले. मी ते वाचलं. खुरकूत या विषयावर मी आजही बोलू शकते.

आता मागांबद्दल सांगायला हवं, कारण माझं वाटोळं तिथूनच झालं.

आजोबांच्या वेळी जिथं बैल बांधायचे, तिथं बाबांनी जुने आठ माग बसवले होते. स्वयंपाकघर आणि मागांची शेड यांत एकच भिंत, आणि भिंतीत एक गज लावलेली खिडकी. शुक्रवारी माग बंद. बाकी सगळे दिवस असा खडखडाट, की ताटातला चमचा आपोआप सरकायचा. आमच्या घरात सगळे ओरडून बोलायचे. नवा पाहुणा आला की त्याला वाटायचं, भांडण चाललंय.

अशा घरात बाबांनी माझ्यासाठी रेडिओ आणला. मी कान लावून बसले तरी निम्मंच कळायचं, म्हणून आवाज वाढवला, तर बाबा आतून गरजले, "बंद कर तो! माग आयकाला येत न्हाईत!"

बाहेरच्या माणसाला हसू येईल. पण ज्यांच्या घरात माग आहेत त्यांना हे कळेल. आठ माग एकदम चालले तरी मालकाचा कान प्रत्येकावर असतो. बाना, म्हणजे आडवा धागा तुटला, किंवा त्याच्या कांडीचं सूत संपलं, की माग आपसूक थांबतो. कारागीर एक आणि माग अनेक, त्याचं लक्ष नसेल तर थांबलेला माग तसाच उभा राहतो. म्हणून बाबा जेवताना, बोलताना, अगदी डुलकी घेतानासुद्धा माग ऐकत असायचे. रेडिओवर आत्याच्या सांगण्यावरून विणलेलं एक झाकण घातलं आणि तो शुक्रवारपुरता उरला.

आणि मग मी माझी करमणूक स्वतःच शोधून काढली. कोणी सुचवली नव्हती, तेव्हा दोषही कोणाला देता येत नाही, याचीच मला जास्त चीड येते.

भाकऱ्या थापता थापता मी मागांचे आवाज वेगळे करायला लागले. सगळे माग जुने, वेगवेगळ्या कारखान्यांतून घेतलेले, प्रत्येकाची खोड निराळी. पहिला जड पाय टाकायचा. चौथ्याचा धोटा सुतातून इकडून तिकडे जाताना शीळ वाजायची. सातवा मध्येच अडखळल्यासारखा करायचा, पण थांबायचा नाही. एक थांबला की सगळ्या खडखडाटात तेवढीच जागा रिकामी व्हायची. कुठला थांबला ते मनात म्हणायचं आणि खिडकीतून डोकावून खरं-खोटं करायचं, असा माझा खेळ. सुरुवातीला चुकायचे. दिवाळीपर्यंत चुकेनाशी झाले.

शेडमध्ये कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही, सगळं हातानं चालतं. तेव्हा मी खिडकीशी जाऊन बोटं दाखवायला लागले. दोन बोटं, दुसरा माग. आमचा कारागीर उत्तर प्रदेशचा, वयानं बाबांपेक्षा मोठा. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. तो आधी चक्रावला. चहाला बाहेर आला तेव्हा म्हणाला, "बिटिया, दीवार के उधर से तुमको कइसे दिखता है?" मी म्हटलं, "दिखता नहीं चाचा, सुनाई देता है." त्यानं कानाची पाळी धरली आणि मान हलवली.

त्यानं ते बाबांना सांगितलं. बाबांनी माझी परीक्षा घेतली. मला भिंतीकडे पाठ करून बसवलं आणि स्वतः आत जाऊन एकेक माग बंद करत गेले. मी आईला नंबर सांगत गेले, आई खिडकीतून बोटं दाखवत गेली. एकही चुकला नाही. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर कापसाची बारीक रुई बसली होती आणि तोंडभर हसू होतं. मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हाही ते इतके हसले नव्हते. मला फार आनंद झाला. आता लिहिताना सुद्धा तो आठवतो आणि राग येतो.

त्यानंतर वेळ खरंच जायला लागला. बाबा सुताच्या बाजारात निर्धास्त जाऊ लागले. आधी जायचे ते घाईघाईत, आता ओळखीच्यांत बसून चहा पिऊन यायचे. वडपे गावात लग्नाला गेले तर मुक्काम करून आले. माझ्या आयुष्यात त्यांनी कधी मुक्काम केलेला मी पाहिला नव्हता. घरी कोणी आलं की मला बोलवायचे. "हिला बसल्या जागी माग कलतात," असं सांगायचे, आणि पाहुणे माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे की जशी मी दुभती म्हैस आहे. आत्यानं पुन्हा क्रोशाचं नाव काढलं नाही. सगळे सल्ले एकदम बंद झाले. पोरीचं मन रमलं, म्हणाले.

माझं मन रमलं नव्हतं, ते शुक्रवारी कळायचं. माग बंद असले की मैत्रीण वह्या घेऊन यायची आणि मी तिला गणित शिकवायचे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आकडेमोड करायची. तिला व्याज समजायचं नाही, भूमितीचं तर नावच नको. मी तेच उदाहरण तीन तीन प्रकारे समजावायचे, आणि तिचा चेहरा एकदम उजळला की वाटायचं, हेच. हेच करायचंय मला, दुसरं काही नको. ती म्हणायची, "तू माझ्यामुळे अडकलीस." मी म्हणायचे, "एका वर्षाचं काय एवढं!" ती गेली की घर इतकं शांत व्हायचं की मला कसंतरी व्हायचं. रेडिओ लावायची परवानगी असायची, पण मी लावला तरी माझे कान भिंतीकडेच असायचे.

जूनमध्ये तिचा निकाल लागला. पास. गणितात माझ्यापेक्षा चार मार्क कमी, बास. तिच्या वडिलांनी ठाण्याहून दोघींचे अर्ज आणले आणि एक आमच्या घरी दिला. मी तो भरून बाबांच्या सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवला. बाबा जेवत होते. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू गेलीस तं माग कोन आयकील?"

मला वाटलं चेष्टा करतायत. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही शब्द दिला होता. ती पास झाली की दोघी जा म्हणालात."

"बोल्लो व्हतो," बाबा म्हणाले. ते खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. "पन तवा तुला माग कलत व्हते कं?"

 मी म्हटलं, चाचा आहेत, वहिनी आहे, तुम्ही स्वतः आहात. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी मायेनं, डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तरनी काय, कितीबी मिलतील. असा कान कोनाला हाय, सांग मना." आणि हात धुवायला उठले. अर्ज ताटाशेजारी तसाच राहिला, त्यावर आमटीचा थेंब पडला होता.

मी रडायला लागले तर आई माझ्यावरच उखडली. "बाप तुला चांगला बोलतंय, नि तू रडतेस?" तिला मनापासून नवल वाटत होतं. तिला आयुष्यात कोणी एवढं चांगलं बोललं नव्हतं, हेही खरंच असेल. त्या रडण्याचं कारण मी तिला समजावू शकले नाही. मी ओरडून सांगत होते, पण मागांच्या आवाजात तिला अर्धं ऐकू आलं आणि उरलेलं तिनं ऐकून घेतलं नाही.

मैत्रीण जायच्या दिवशी निरोप घ्यायला आली. सकाळची वेळ, माग चालू. तिनं कोर्सच्या गणवेशाची पांढरी साडी नेसली होती, पहिल्यांदाच, निऱ्या सगळ्या एका बाजूला गेलेल्या. हातात पेढ्यांचा पुडा. गल्लीत तिचे वडील ट्रंक घेऊन उभे होते आणि माझे बाबा त्यांच्याशी बोलत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात आली. तिचे डोळे भरलेले होते. ती माझा हात धरून काहीतरी सांगायला लागली. माझ्यामुळे पास झाली असं काहीतरी असावं, किंवा दर रविवारी पत्र पाठवीन असं. मी तिच्या ओठांकडे बघत होते. मला तिचं सगळं बोलणं ऐकायचं होतं. तिच्याबरोबर मी जाऊ शकत नव्हते, निदान तिचं बोलणं तरी माझ्याकडे राहावं.

आणि तिच्या बोलण्याच्या मध्येच भिंतीपलीकडची एक जागा रिकामी झाली.

मी ठरवून काही केलं नाही. माझा हात तिच्या हातातून सुटला, मी वळले, खिडकीशी गेले आणि चाचाला तीन बोटं दाखवली. चाचानं मान हलवली आणि तिसऱ्या मागाकडे धावला. बाहेरून बाबांचा आवाज आला, मैत्रिणीच्या वडिलांना अभिमानानं ओरडून सांगत होते, "बगितलास? बोलता बोलता कललं तिला!"

मी मागं वळले तेव्हा पेढ्यांचा पुडा चुलीजवळच्या पाटावर होता आणि दारात कोणी नव्हतं. तिसरा माग पुन्हा सुरू झालेला मला स्पष्ट ऐकू आला. ती शेवटी काय म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही.