येळवशीच्या शेंगा आणि ग्रंथालयाची खोली

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं तरी सांगते आणि न विचारलं तरी सांगते. जळकोटच्या अलीकडं आमचं गाव. तिथनं धाराशिवला जाऊन, तिघी मैत्रिणींत एक खोली करून बी.ए. केलं, मग ग्रंथालयशास्त्राचा कोर्स केला. वडिलांनी पदवीचा कागद फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलाय. पाव्हणे आले की ते टीव्हीचा आवाज बंद करतात आणि कागद दाखवतात. कागद काय बोलत न्हाय, पण आवाज बंद करतातच.

नोकरी लागली ती हायवेपासून आत, शेजारच्याच गावातल्या शाळेत. तासिकेवरची नोकरी, पण दारावर ‘ग्रंथपाल’ ही अक्षरं मी पक्क्या रंगात लिहून घेतली. खोली एकच. तीन कपाटं, दोन लांब बाकं आणि एक खिडकी, ती बंद होत न्हाय.

मी आल्यावर ठरवलं की ग्रंथालयात सण साजरे करायचे. लेकरं सणाला पळत येतात, पुस्तकाला येत न्हाईत. मग सणाच्या पाठीवर पुस्तक बसवून आणायचं. संक्रांतीला तिळगूळ आणि वाचन ठेवलं. त्यात एका पुस्तकाची दहा पानं एकमेकांना अशी चिकटली की ती अजून सुटली न्हाईत. पोळ्याला लेकरांनी घरनं मातीचे बैल आणले, ओळीनं मांडले आणि बैलांना गोष्ट वाचून दाखवली. मला ते लई आवडलं. आमचे हेडसर तेवढ्यात आले, बैलांकडं बघितलं आणि म्हणाले, “मॅडम, हजेरीत यांनाही धरायचं का?”

हेडसर नाशिककडचे. नवीनच बदलून आलेले. माणूस वाईट न्हाय, पण त्यांना सगळं सरळ रेघेत लागतं. पोषण आहाराच्या तांदळाची खोली पावसाळ्यात गळली, थंडी आली तरी भिंतीची ओल जाईना, आणि सरांची नजर माझ्या खोलीवर पडली.

“तांदळाची पोती तुमच्या खोलीत लावू. पुस्तकांची कपाटं व्हरांड्यात ठेवता येतील.”

“पाऊस आला की व्हरांड्यात पुस्तकं भिजतील, सर.”

“पुस्तकं वाचतंय कोण? तांदूळ रोज शिजतो.”

मी फटकळ आहे, ते माझं मलाच माहीत आहे. मी म्हणाले, “खोली रिकामी असती तर मीच पोती उचलून आणली असती. ग्रंथालय भरलेलं असतं, तुम्ही बघितलं न्हाय एवढंच.”

“बरं. मग दाखवा भरून. चाळीस माणसं, एक तास, कुणी मधेच उठून जाता कामा नये. आणि नुसती बसलेली नको, वाचनात गुंतलेली दिसली पाहिजेत. गुरुवारी दुपारी तीन वाजता. जमलं तर खोली तुमची. नाही जमलं तर शनिवारी टेम्पो येतोय, पोती तुमच्याच खोलीत उतरतील.”

मी ताठ मानेनं ‘चालेल’ म्हणून आले. खोलीत येऊन कॅलेंडर बघितलं आणि डोक्याला हात लावला. शुक्रवारी येळवस होती.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या भागात हिच्याएवढा मोठा सण न्हाय. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत न्हाय. सगळी माणसं रानात. कडब्याची कोप, म्हणजे बारकी झोपडी करायची, आत पूजा मांडायची, मडक्यातली आंबिल प्यायची आणि बांधावरनं जो जाईल त्याला हाका मारमारून जेवायला बसवायचं. जेवणात मुख्य भज्जी. ही तळलेली न्हवं, ही पातेल्यात शिजवलेली, त्यात तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाल, वाटाणा, मेथी, मिळेल ते सगळं. आणि हे सगळे दाणे सोलायचे कधी? आदल्या दिवशी. कोण सोलणार? लेकरं. म्हणजे गुरुवारी दुपारी तीनला गावातलं एकूण एक लेकरू शेंगांच्या ढिगाजवळ बसलेलं असणार. सरांना हे ठाऊक असायचं कारण न्हाय. मला होतं, पण रागाच्या भरात आठवलं न्हाय. बी.ए. झाल्यावरसुद्धा असं होतं.

बुधवारी मी वर्गावर्गात फिरून विचारलं.

“उद्या दुपारी कोण कोण येणार ग्रंथालयात?”

सातवीतली एक मुलगी, वर्गात सगळ्यात मोठ्यानं वाचणारी, तीच म्हणाली, “मॅडम, उद्या आमी न्हाय. दोन पाट्या तूर सोलायचीय. आई म्हणली, शाळेत गेलीस तर तंगडं मोडते.”

मी तिच्या घरी गेले. अंगणात तिची आजी हरभऱ्याचे ढाळे घेऊन बसली होती. ह्या आजीला गावात सगळे वचकून असतात, सरपंचसुद्धा. मी तिला सगळं सांगितलं. सर काय म्हणाले, चाळीस माणसं, शनिवारचा टेम्पो, सगळं.

आजी म्हणाली, “मग शेंगाच घिऊन येतो की तिकडं. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी सोलायचं. हाताला काम, कानाला काम. तोंड तेवढं मोकळं ऱ्हातंय, त्याचं तू बघ.”

गुरुवारी अडीच वाजल्यापासनं माणसं यायला लागली. डोक्यावर पाट्या, काखेत पोती, मागं लेकरं, लेकरांच्या मागं आज्या. बाकं बाहेर काढली, खाली ताडपत्री अंथरली. मधे शेंगांचा डोंगर. सोलून दाणे पाटीत टाकायचे, टरफलं पोत्यात. टरफलं शेळीला चालतात म्हणून शिपाईमामा पोतं भरलं की उचलून मागच्या अंगाला बांधलेल्या त्यांच्या शेळीपुढं ओतणार, असंही ठरलं. तीन वाजता मी मोजलं. सत्तेचाळीस माणसं. खिडकीत बसलेली दोघं धरली न्हाईत.

सातवीतली मुलगी स्टुलावर बसली आणि वाचायला लागली. गोष्ट होती एका चोराची. चोर चोरी करायला एका घरात शिरतो. घरातल्या म्हातारीला नीट दिसत न्हाय. तिला वाटतं जावई आला. ती त्याला पाट मांडून जेवायला बसवते, आणि उठू म्हटलं तरी उठू देत न्हाय.

“खरा जावई तरी काय येगळं करतोय?” एक काकू म्हणाल्या. सगळ्या बायका हसल्या. काकूंचा जावई कडेलाच बसून वाटाणा सोलत होता, तोही हसला, जरा उशिरा.

बरोबर सव्वातीनला हेडसर दारात आले. हातात वही. आत पाय ठेवायला जागा न्हाय. त्यांनी मान वर करून माणसं मोजली, वहीत लिहिलं, मग म्हणाले, “मॅडम, माणसं आहेत. पण याला वाचन म्हणत नाहीत. ही सोलणी आहे. माणसांचं लक्ष शेंगांत आहे, पुस्तकात नाही.”

खरं सांगायचं तर मलाही तीच धास्ती होती.

आजी म्हणाली, “सर, दारात उभं ऱ्हाऊन उजेड अडवू नगा. बसा खाली. हात बी रिकामे हायेत तुमचे.”

“मी तपासणीला आलोय, आजी.”

“मग बसून तपासा. उभ्यानं काय कळतंय?”

आजीपुढं कुणाचं चालत न्हाय. सर चप्पल काढून लेकरांच्या मधे मांडी घालून बसले. त्यांच्या एका बाजूला पाटी, एका बाजूला पोतं. आजीनं त्यांच्या पुढ्यात तुरीच्या शेंगांचा ढीग ओढला. पहिली शेंग त्यांनी अशी धरली की जणू तिच्यातनं इंचू निघणार. शेजारच्या चौथीतल्या पोरानं शिकवलं, “सर, असं दाबायचं, मग असं.” सर शिकले. सोलायला लागले.

इकडं गोष्टीत खरा जावई दारात येऊन उभा राहिला होता. म्हातारी आतनं ओरडते, कोण हाय? जावई म्हणतो, मी जावई. म्हातारी म्हणते, जावई तर आत जेवायलाय, मग तू चोर. आणि चोर आतनं म्हणतो, “सासूबाई, दार उघडू नका, जग लई वाईट हाय.”

खोली हसून हसून लोळायला आली. सर हसले न्हाईत. ते तोंड उघडं ठेवून ऐकत होते आणि हात आपोआप चालले होते. मामा दोनदा येऊन भरलेलं पोतं घेऊन गेले.

सव्वाचारला एक काकू पाटी उचलायला गेल्या आणि तशाच थांबल्या.

“ही पाटी एवढी हलकी कशी?”

त्यांनी हात घातला. पाटीत नुसती टरफलं. तळाला तेवढे सुरवातीचे मूठभर दाणे. मी शेजारची पाटी बघितली, तिच्यातही तेच. मग सगळ्यांच्या मनात एकदमच आलं की पाटीत टरफलं असतील तर पोत्यात काय गेलं, आणि पोतं कुठं गेलं.

आम्ही सगळे मागच्या अंगाला पळालो. शेळी दाण्यांच्या ढिगापुढं उभी होती. खात न्हवती. पोट टम्म झालं होतं, डोळे अर्धे मिटलेले. आयुष्यात एवढं सुख कुठल्या शेळीला मिळालं असेल असं मला वाटत न्हाय.

“मामा! तुमाला दिसलं न्हाय व्हय पोत्यात काय हाय ते?”

“मी दारात उभा ऱ्हाऊन गोष्ट ऐकत हुतो,” मामा म्हणाले. “पोतं भरलं की उचललं. चोराचं काय हुतंय ह्यात हुतो मी.”

बायका चिडल्या. उद्या येळवस, आणि भज्जीचे दाणे शेळीच्या पोटात. माझ्याकडं ज्या नजरेनं त्या बघत होत्या, त्यावरनं मला कळलं की खोली गेली आणि बहुतेक मलाही गाव सोडावं लागणार.

आजीनं सगळ्या लेकरांना उभं केलं. “खरं सांगा. उलटं टाकायला सुरवात कुणी केली?”

चौथीतलं पोरगं म्हणालं, “सरांनी.”

“खोटं बोलू नगंस.”

“खरंच! सर दाणे पोत्यात टाकायलते आन टरफलं पाटीत. मला वाटलं आता तसंच असंल. मग मी बी तसंच टाकलं.”

“आन तू?”

“ह्यानं टाकलं म्हणून मी.” ओळीनं सगळ्यांनी हेच सांगितलं. सर करतील तसं करायचं, हे आम्हीच त्यांना पहिलीपासनं शिकवतो.

सगळ्या माना सरांकडं वळल्या. त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात पेनाशेजारी तुरीचे पाच-सहा दाणे होते. ते तिथं कसे गेले हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

“सर,” आजी म्हणाली, “तुमी तर साहेब माणूस. तपासणीला आल्ते. मग तुमचं ध्यान कुठं हुतं?”

सर लाल झाले. वही या हातातनं त्या हातात घेतली. खोटं बोलता आलं असतं. पाठ अवघडली म्हणाले असते, चष्मा बदलायचाय म्हणाले असते. पण ते म्हणाले, “गोष्टीत.”

“आँ?”

“गोष्टीत होतं, आजी. तो खरा जावई बाहेरच उभा होता ना.”

आजीनं पदर सारखा केला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, “बाई, वहीत लिवून घे त्यांच्याकडनं. ते गुंतलेले का काय म्हणत हुते, ते.”

सरांनी खरोखर वही उघडली, उभ्या उभ्या दोन ओळी लिहिल्या आणि खाली सही केली. मी वाकून वाचलं. ‘उपस्थिती अठ्ठेचाळीस. मधेच कोणी उठले नाही. सर्व गुंतलेले होते.’ अठ्ठेचाळिसावे ते स्वतः.

मग शेळीपुढनं उरलेले दाणे निवडून, धुवून घेतले. कमी पडले ते ज्यांच्या रानात तूर जास्त होती त्यांनी दिले. दुसऱ्या दिवशी सरांना येळवशीला इतक्या कोपींमधनं हाका आल्या की संध्याकाळी ते चालत न्हाय, डुलत गेले. प्रत्येक ठिकाणी भज्जी वाढताना कुणी ना कुणी म्हणायचं, “सर, बघून खावा. टरफल असंल.”

शनिवारी टेम्पो आला. ड्रायव्हरनं फाटकातच विचारलं, “सर, पोती कुठं लावू? ती कडंची खोली म्हणला हुता.”

“ती नाही. माझ्या ऑफिसात लावा.”

“ऑफिसात? मग तुमी कुठं बसणार?”

“व्हरांड्यात. उतरवा लवकर.”

मी खोलीच्या दारात उभी होते. आभार मानले न्हाईत. खोली ग्रंथालयाचीच होती, त्यात आभार कसले. पण सरांचं टेबल व्हरांड्यात आलं तेव्हा दुपारचं ऊन थेट त्यांच्या तोंडावर यायला लागलं, म्हणून मी कपाटामागं ठेवलेला जुना पडदा काढला आणि मामांना म्हणाले, खिळा ठोका, तेवढी सावली होईल.