डेरग्याचं पाणी

माणूस कुणाला फुकट काही देत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. ती पुस्तकं वाचून झालेली नव्हती, भुसावळात जकात नाक्यावर बसून झाली होती. कडब्याच्या गाडीत खाली काय दडवलंय, वऱ्हाडाच्या ट्रकमध्ये गाद्यांखाली कापडाचे तागे तर नाहीत ना, हे बघण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली. समोरचा जितका गोड बोलेल तितकी सळई पोत्यात खोल खुपसायची, हा आमचा धंद्याचा नियम. घरी आलो तरी ती सळई हातातून सुटत नाही, असं बायको म्हणायची. शेजारणीनं लोणच्याची वाटी पाठवली की माझा पहिला प्रश्न, "आता हिला काय हवंय?" देवाच्या बाबतीतही तेच. नवस बोलणाऱ्या लोकांचं मला हसू यायचं. पण देव खरंच असला तर उगाच वैर कशाला, म्हणून मनातल्या मनात हसायचो.

पळायला लागलो तो मात्र भीतीनं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लकवा झाला आणि साक्रीकडचं गाव सोडून ते आणि माय आमच्याकडे राहायला आले. उभा जन्म उन्हातान्हात काळी छत्री डोक्यावर धरून गावोगाव शाळा तपासत हिंडलेला माणूस खाटेवर पडला. त्यांच्याकडे बघून मला माझं पोट दिसू लागलं. डॉक्टर म्हणाले, चालत जा. मी पळू लागलो. त्या काळी आमच्याकडे शाळकरी पोरं आणि पोलीस भरतीची मुलं सोडली तर कुणी विनाकारण पळत नसे. सकाळी यावल रस्त्याला लागलो की दूधवाले सायकल थांबवून विचारायचे, "काय भाऊ, कोनी मांगे लागलं का?" बायको माझी अर्धी चड्डी अंगणात वाळत न घालता मोरीत घालायची. आबा खाटेवरून वाकड्या झालेल्या तोंडानं म्हणायचे, "ज्याना मांगे कोनी नही, तो पळस कसाले?" पण एकदा पायाला गोडी लागली की लागली. तापीच्या पुलावर वारा अंगावर आला म्हणजे नाका, पोती, पावत्या सगळं मागं पडायचं.

उन्हाळ्यात गावातल्या व्यायामशाळेची एक शर्यत असे. आदल्या वर्षी मी तिच्यात जवळजवळ शेवटी आलो होतो. कारण सांगायला लाज वाटते. रस्त्यात पोरं पाण्याचे पेले घेऊन उभी होती, पण ते पाणी कुठलं, पेला कुणाचा उष्टा, कोण जाणे, म्हणून मी घेतलं नाही. घरून भरून नेलेली बाटली कमरेला बांधून पळालो. ती सगळी वाट ढुंगणावर आपटत राहिली आणि बघणारे हसत राहिले. या वर्षी निदान मधल्या घोळक्यात यायचं, एवढाच माझा पण होता.

त्याच हिवाळ्यात आबा गेले. तेराव्याला त्यांची छत्री आम्ही दान करून टाकली.

पुढे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्या खानदेशात ज्या घरात वर्षभरात माणूस गेलं असेल, त्या घरी आखाजीला त्याच्या नावानं पाण्यानं भरलेलं मातीचं मोठं भांडं पुजतात. त्याला डेरगं म्हणतात. वर खरबूज ठेवायचं, सांजोऱ्या ठेवायच्या, आणि बाहेरच्या एका माणसाला पितर म्हणून बोलावून पाय धुऊन जेवू घालायचं. त्याच्या मुखानं गेलेला माणूस जेवतो आणि पाणी पितो, अशी श्रद्धा. पूजा करायची थोरल्या मुलानं, म्हणजे मी. माय आदल्या रात्रीपासून निरंकार होती. डेरगं पुजलं जाईपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही, असं तिनं सांगून टाकलं होतं. वय झालेलं, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि दिवस भुसावळच्या उन्हाचे.

पहाटे मी बूट चढवताना ती दारात बसली होती. म्हणाली, "आज तरी पळू नको रे भाऊ. आज तुना बाप येनार शे."

शर्यत तोंडावर आली होती आणि लांबचं पळणं एकदाचं उरकायचं होतं. ऊन चढायच्या आत येतो म्हणालो आणि निघालो.

जाताना छान गेलं. त्याच भरात नेहमीच्या वळणापेक्षा बराच पुढे गेलो आणि परतताना ऊन डोक्यावर आलं. केळीच्या बागा दोन्ही बाजूंना असूनही रस्त्यावर सावली नव्हती. बाटली केव्हाच संपली होती. एक जीपवाला थांबला, म्हणाला, "बसा, भुसावळले सोडतो." तेव्हा एसटीत प्रवाशांना गुंगीचं औषध देऊन लुटल्याच्या गोष्टी ऐकू यायच्या. माझ्या अंगावर बनियन, चड्डी आणि घड्याळ, लुटणार काय? तरी मी नको म्हणालो. एका विहिरीवर बाई पाणी शेंदत होती, तिनं कळशी पुढे केली. तिलाही नको म्हणालो. थोड्या वेळानं लक्षात आलं की घाम यायचा बंद झालाय. अंगावर काटा येत होता आणि त्या भट्टीसारख्या उन्हात मला थंडी वाजत होती. पाय माझे राहिले नव्हते. आपण इथेच पडणार, आणि घरी माय कोरड्या तोंडानं वाट बघत बसणार, हे मला अगदी स्वच्छ दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काही न मागता नुसतं "देवा" म्हणालो. पुढे काय मागावं ते सुचलं नाही.

तेवढ्यात बागेच्या बांधावरून आवाज आला, "या भाऊ, या. तुमचीच वाट पाहून राहिलो."

पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा हात जोडून उभा होता. मागं निंबाच्या सावलीत शेतातलं घर. तुमचीच वाट म्हणजे? मेंदूला ऊन लागलेलं, तरी माझी सळई बाहेर आलीच. यानं मला ओळखलं, नाक्यावरचा कारकून म्हणून. केळीची गाडी सोडवायची असणार. मी म्हणालो, "तुमचं काय काम आहे ते आधी सांगा."

"काम हेच, आत चला," म्हणत त्यानं माझा दंड धरला. सोडवून घ्यायची ताकद माझ्यात नव्हती.

ओसरीवर पाट होता, समोर रांगोळी. कोपऱ्यात नवं कोरं डेरगं, गळ्याला सूत गुंडाळलेलं, वर खरबूज. मला पाटावर बसवून त्याच्या बायकोनं माझे पाय परातीत घेतले आणि त्यावर गार पाणी ओतत राहिली. मी कधी कुणाला पायाला हात लावू दिला नव्हता. म्हाताऱ्यानं ओला पंचा माझ्या डोक्यावर ठेवला, कपाळाला गंध लावलं, मग डेरग्यातलं पाणी तांब्यात काढून माझ्या ओंजळीत ओतलं. "गटागटा नका पिऊ. दमादमानं."

ओंजळ तोंडाशी आली तरी मी विचारलं, "हे सगळं कशासाठी? मला ओळखता का तुम्ही?"

"नही ओयखत," तो म्हणाला. "फैजपूरहून पाव्हना येनार व्हता, त्याची मोटर चुकली. मंग म्हटलं, रस्त्यानं जो येईन तो आपला पितर. आज तुमचं नाव इचारत नही आम्ही."

मी पाणी प्यालो. मातीच्या वासाचं ते पाणी घशाखाली उतरलं आणि मला लहान पोरासारखं रडू आलं. उन्हानं असेल. त्यांनी माझ्या रडण्याकडे लक्ष दिलं नाही, ती कृपा मी अजून विसरलेलो नाही.

पन्हं झालं, कढी झाली. अंगात जीव आला तसं थोडं पुरण, थोडा रस, भजं, कुरडई. मी जेवत होतो तोवर ती बाई पदरानं वारा घालत मागं उभी होती. मला वाटत होतं, आबांसारख्याच कुणा म्हाताऱ्याचं डेरगं असेल, सासऱ्याचं वगैरे. भजं तोंडात घातलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "तिखट नही ना झालं? त्याले तिखट चालत नव्हतं."

मी वळून बघितलं. म्हातारा निंबाकडे बघत होता. "पोरगा व्हता आमचा," तो म्हणाला. "तुमच्याच उमरीचा."

मघापासून मी या माणसांच्या मनात हात घालून चाचपत होतो, आणि तिथं हे होतं. वाढलेलं सगळं मी संपवलं. ताटात कण ठेवला नाही. त्या दिवशी मी दुसरं काहीच देऊ शकत नव्हतो.

निघताना म्हाताऱ्यानं एक टोपी, चपला आणि नवी काळी छत्री पुढे केली. माझ्या तोंडून सवयीनं "नको" आलं. तो म्हणाला, "पितराले रिकाम्या हातानं धाडत नही, भाऊ. उन्हाचं जायचं आहे त्याले." 'त्याले' म्हणजे कुणाला, हे मी विचारलं नाही. बूट हातात घेतले, चपला घातल्या, टोपी घातली, छत्री उघडली. शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर पुलापर्यंत जात होता. त्यावर मी न विचारता बसलो.

गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा दुपार उलटत होती. माय ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, बायको तिच्या ओठांना ओला बोळा लावू बघत होती आणि ती तोंड फिरवत होती. पाणी नाहीच. मी छत्रीखाली सावकाश चालत होतो, पाय दुखत होते म्हणून जरा ओढत. मायनं मान वर केली. मोतीबिंदूच्या डोळ्यांना किती दिसलं असेल, ते तिलाच ठाऊक. पण ती भिंतीला धरून उभी राहिली, आणि आबा गेल्यापासून खांद्यावरच असलेला पदर तिनं डोक्यावर ओढून घेतला.

"इतला उशीर कसा व्हयना?" ती म्हणाली. त्या आवाजात ती माझ्याशी कधीच बोलत नसे.

माय, मी आहे, हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. चुकीचं वजन, चुकीचं नाव दुरुस्त करणं हा माझा जन्माचा धंदा. बायको माझ्याकडे बघत होती. मी ओट्याशी जाऊन चपला काढल्या. मायनं दाराशी ठेवलेला तांब्या उचलला आणि माझ्या पायांवर पाणी घातलं. मग मी आत जाऊन आबांचं डेरगं पुजलं, शेजारच्या काकांना बोलावून पान वाढलं, आणि मायला पाणी पाजलं. ती घोट घोट प्यायली आणि तिथंच झोपली. कितीतरी वेळ मी तिचा श्वास बघत बसलो होतो.

माझा संशय त्या दिवशी गेला म्हणालो तर ते खोटं होईल. पुढे कित्येक महिने केळीची गाडी नाक्यावर आली की मी ती पांढरी टोपी शोधायचो. येईल, ओळख दाखवेल, म्हणेल "त्या दिवशीचं लक्षात आहे ना भाऊ." आणि खरंच एके दिवशी तो आला. रांगेत उभा राहिला, जकात भरली, पावती घडी करून खिशात ठेवली. जाताना खिडकीशी वाकून म्हणाला, "घरातली इचारत व्हती, ते बरोबर पोचले का म्हनून." मी म्हणालो, "पोचले." तो हसला आणि गेला. त्यानंतर त्यांच्या ओसरीवर मी अनेकदा बसलो, पण नाव मात्र त्यांनी बऱ्याच दिवसांनी विचारलं.

त्या वर्षीच्या शर्यतीत मी बाटली नेली नाही. वाटेत ज्यानं ज्यानं पेला पुढे केला त्याच्या हातचं पाणी घेतलं, कुणाचंही, कसल्याही पेल्यातलं. मधल्या घोळक्यात नाही आलो ते नाहीच. घरी येऊन बूट काढत ओट्यावर बसलो. माय तिथंच होती. बरेच दिवस माझ्या मनात होतं ते सांगून टाकायचं ठरवलं. म्हणालो, "माय, आखाजीले छत्री खाले..."

तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "माले दिसस रे भाऊ. तूच व्हता. पन पानी त्याले पोचनं."

देव कसा येतो, कुणाच्या पायांनी येतो, हे मला अजून कळलेलं नाही आणि आता ते तपासायची हौसही उरली नाही. रस्त्यावर कोसळणाऱ्या माणसानं फक्त ओंजळ पुढे करायची असते, एवढं मी शिकलो, तेही उशिरा. माणूस गेलं त्या वर्षी डेरगं, पुढे दर आखाजीला घागर; आता माय गेल्यावर तिच्यासाठीही आमच्या घरी ती भरली जाते. दर आखाजीला पाहुणा यायला उशीर झाला की मी आबांसारखाच ती काळी छत्री उघडून रस्त्यावर जाऊन उभा राहतो, आणि पहिला जो येईल त्याला हात जोडून म्हणतो, "या भाऊ, तुमचीच वाट बघत होतो." बहुतेक लोक माझ्याकडे संशयानं बघतात. मी त्यांचा दंड धरतो.