तीच ओळ, दुसरे भिंग

आमच्या वहिनींच्या घरी ध्वनिमुद्रण असले, की प्रथम फ्रिज बंद होई, कारण त्याची घरघर मुद्रणात येते. मागच्या खोलीत भिंतींशी गाद्या उभ्या केलेल्या, दाराच्या फटीत जुनी दुपटी कोंबलेली, आणि मधोमध हार्प्सिकॉर्ड. पियानोचा हा पूर्वज. परंतु याच्या तारेवर हातोडी पडत नाही, पिसाच्या टोकाने तार छेडली जाते. पट्टीवर बोट कितीही आपटा, स्वर तेवढाच. ज्या वाद्याला आवाज चढवणे ठाऊकच नाही, त्याच्याकडून तीन शतकांपूर्वीची रचना वदवून घ्यायची, तर सारा अर्थ विलंबात आणि अलंकारात शोधावा लागतो. आयुष्यभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासून निवृत्त झाल्यावर वहिनी तो अनन्य निष्ठेने शोधीत होत्या.

त्या जुन्या नृत्यरचनांची रीत अशी, की प्रत्येक भाग दोनदा वाजवावा: प्रथम लिहिला आहे तसा, मग वादकाने स्वप्रज्ञेने नटवलेला. काव्यात पुनरुक्ती दोष मानतात; येथे तीच वादकाची स्वाक्षरी.

कित्येक नकारांनंतर रेडिओने त्यांचे वादन स्वीकारले. रविवारी प्रसारण होते. दोन दिवस आधी मी त्यांच्याकडे बसलो असता त्यांनी रेडिओकडे गेलेली प्रत सहज लावली आणि त्यांचा चेहरा पालटला.

"जावईबापू, दुसरी आवर्तनं कुठं गेली?"

मुद्रण संगणकावर स्वच्छ करण्याचे काम जावयाचे. ते अभिमानाने म्हणाले, "काढली ना! लांबतंय म्हणून रेडिओवाल्यांचा फोन आला होता. बघतो तर सगळं दोन-दोनदा. म्हटलं, आईंनी जास्तीचं वाजवून ठेवलंय. त्यातलं बिनचूक तेवढं ठेवलं."

"बिनचूक?"

"दुसऱ्या वेळी तुम्ही सारखं लिहिल्याबाहेर जात होतात."

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!" लेकीने कपाळाला हात लावला.

वहिनींनी तडक रेडिओच्या निर्मात्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, राहू द्या हो. तेच तेच ऐकायला कोण बसतंय?"

"मी जन्मभर एकच ओळ दोन भिंगांतून दाखवली. आधीचं बरं की आताचं, हे विचारल्याशिवाय कुणाला चष्मा दिला नाही. पूर्ण लावा, नाहीतर लावूच नका."

"अशी संधी परत यायची नाही हं."

"न येईना का!" फोन ठेवला गेला.

मी हळहळलो. "वहिनी, हातातोंडाशी आलेला घास..."

"अर्धाच होता, भावोजी. उठा, फ्रिज बंद करा."

"आता कुणासाठी?"

"मला वाजवायचंय म्हणून. आणि जावईबापू, तुम्ही संगणक सोडा. इथं बसा."

वहिनींनी स्वतःच मुद्रण सुरू केले. पहिला भाग संपला. काम झाले असे समजून जावई उठू लागले. वहिनींनी नुसत्या मानेने त्यांना खाली बसवले. मग तेच स्वर पुन्हा निघाले, आणि त्या दिवशी त्यांत काय उद्धट तेज होते! जिथे आपण स्वराची वाट पाहावी तिथे तो अडून बसे, आणि येई तो वळसे घेत, मान ताठ ठेवून.

"हे मघाचंच?" जावई न राहवून बोलले.

मुद्रण बिघडले. वहिनींनी हात थांबवले. "मघाचंच. कुठलं बरं वाटलं?"

जावई विचारात पडले. "आताचं."

"मग गप्प बसा. पहिल्यापासून."

रविवारी प्रसारणाच्या वेळी रेडिओवर दुसऱ्या कुणाचे तरी वादन लागले असावे. वहिनींकडे रेडिओ बंद होता, आणि फ्रिजही.