प्यायचं आणि वापरायचं

आमच्या घरात पाणी दोन प्रकारचं: प्यायचं आणि वापरायचं. प्यायचं गाळून ओट्यावरच्या पिंपात, वापरायचं बोअरचं, बादलीत. लेक शिकायला बाहेरगावी गेली आणि तिचा शॅमेलिऑन, तो रंग बदलणारा परदेशी सरडा, माझ्यावर सोपवून गेली. तेव्हाही मी हा नियम मोडला नाही. वाटीत प्यायचं ठेवलं आणि पिंजऱ्यातल्या रोपावर बोअरच्या पाण्याचे दोन फवारे मारत राहिले.

वाटीतलं पाणी तसंच राहायचं. त्याचे डोळे मात्र खोल गेले. एका सकाळी फवारून तिथेच उभी राहिले, तर पानाच्या टोकाशी जमलेला थेंब तो सावकाश चाटत होता. त्याच पानावर क्षाराचे पांढरे डाग होते, आमच्या बादलीला असतात तसे.

"अगं आई, तो पानावरचंच पितो!" लेक फोनवर म्हणाली. "साचलेलं पाणी त्याला पाणीच वाटत नाही."

म्हणजे दारात आलेल्या कुरिअरवाल्यालाही पिंपातलं देणारी मी, घरच्या जिवाला बादलीतलं पाजत होते. प्यायचं पाणी कुठलं, ते पिणाऱ्यानेच ठरवायचं असतं.

आता फवाऱ्याची बाटली ओट्यावर, पिंपाशेजारी असते. तिला खरकटा हात लावायचा नाही, असं मी घरात सगळ्यांना बजावलंय.