डाव्या हाताची बंदूक

सुखराम मिस्त्री कोणतंही लाकूड आधी हुंगत. डोळे मिटून, तान्ह्या लेकराची टाळू हुंगावी तसं. मगच बोलत. नवेगावबांध या तलावाकाठच्या गावी ते आमचे शेजारी. आसपासच्या नाटकांची सिंहासनं, तलवारी त्यांच्याच हातच्या.

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए., तोही इतिहासात. म्हणून नाटकवाल्यांनी रायपूरच्या बाजारातून आणलेली जुन्या घाटाची नकली रायफल माझ्याकडे दिली. बनवणारा शोधायचा, तशा आणखी चार हव्या होत्या. तिच्यावरची इंग्रजी अक्षरं मी दोन दिवस वाचली. काही हाती लागलं नाही. शेवटी मिस्त्रींकडे गेलो.

"अक्षरं कायले वाचून राहिला बापू? अक्षरं खोटीबी ठोकता येतात. पटाशीले खोटं बोलता येत नाही."

त्यांनी दस्त्यामागची पितळी पट्टी काढली. आत बोटभर जागा रंधा न मारता सोडलेली. ही मिस्त्रींच्याच घरची रीत; काम पुरतं संपवलं की करणाराही संपतो म्हणत. पटाशीचे घाव मात्र डावखुऱ्या हाताचे.

डावखुरा त्यांचा मुलगा दिनू. बारा वर्षांपूर्वी डोंगा घेऊन तलावात गेला. डोंगा तेवढा काठाला लागला. प्रेत मिळालं नाही, तेरवी झाली.

मिस्त्रींनी लाकूड हुंगलं.

"दिनूचा हात हाय."

"काका, तेव्हाचीच असेल."

"लाकूड ओलं हाय अजून. औंदाचं हाय."

मी म्हटलं, उद्याच रायपूरला जाऊ.

"नोको. मेला असन तं त्याचा हात कोण चालवून राहिला, हे मले पाहाचं नाही. जित्ता असन तं मायले रडत ठेवून बसला, तेबी पाहाचं नाही. तुया काकीले सांगू नोको."

बनवणारा सापडला नाही, असं मी नाटकवाल्यांना सांगितलं. शिकलेल्या माणसानं खोटं बोलू नये असं मी मानतो. तरी बोललो.

पितृपक्षात काकी दिनूचं पान वाढायला निघाली. मिस्त्रींनी तिचा हात धरला. "त्याचं नोको वाढू."

"काऊन?"

काकी त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिनं ते पान आत नेलं आणि उशिरा येणाऱ्यासाठी ठेवावं तसं झाकून ठेवलं.

पौषात मिस्त्री गेले. तिरडी बांधून झाली, पुतण्यानं मडकं हाती घेतलं, तर काकी दारात आडवी आली.

"थांबा जरा. रायपूरची गाडी अजून याची हाय."

लोक म्हणाले, म्हातारी भ्रमली. दिनूचा अन् रायपूरचा संबंध फक्त मिस्त्रींना आणि मला ठाऊक होता. मी मडकं पुतण्याच्या हातून घेऊन खाली ठेवलं. आम्ही थांबलो.