सिलोनला जाणारा कांदा

ही गोष्ट मी आजवर घरीदारी कुणालाच सांगितली नाही. दौंडच्या मालधक्क्यावर मी कारकून होतो. तिथं सिलोनला जाणारा कांदा निवडणारी एक मावशी होती. तिला मी हसलो होतो.

प्रत्येक कांद्याची मान ती अंगठ्यानं दाबून बघायची; मऊ लागली की सडका म्हणून बाजूला टाकायची. दर महिन्याला देशाच्या निर्यातीची बातमी पेपरात आली की विचारायची, "भाऊसाहेब, आपलं वाढलं का घटलं?" वाढलं म्हटलं की धक्काभर अशी मिरवायची, जणू सगळा माल तिच्याच हातचा.

एका महिन्यात मी म्हटलं, "घटलं."

"आमचा कांदा खराब निघाला व्हय?"

हमाल हसले, मीही हसलो. ती उठली आणि शिवलेली पोती पुन्हा निवडायला उसवू लागली.

मुकादम ओरडला, "मावशे, वॅगन लागलीय! आजची मजुरी न्हाई मिळायची!"

"नगं देऊ. माझ्या हातचा सडका कांदा परमुलखात न्हाई जायचा."

अशी माणसं आपला माल बाहेर धाडत होती, याचा मला अजून अभिमान वाटतो. त्या दिवशी पेपरात त्याच बातमीखाली लिहिलं होतं की चहा आणि कापड घटलं; कांदा वाढलाच होता. हसल्याच्या लाजेनं मी ते वाचून दाखवलं नाही. तिच्या कांद्यात काही खोट नव्हती, हे तिला सांगायचं माझ्याकडून राहिलं आहे.